आगबोटीवरची घागर

आधी चूक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना मला नजर चुकवावी लागणार नाही. नागपट्टणच्या किनाऱ्यावर मी तीन घागरी पाणी मागे सोडलं आणि त्यांच्या जागी होडीत ग्रामोफोन चढवला. पाणी माझं नव्हतं. ग्रामोफोनही माझा नव्हता, मेव्हण्याचा होता. पण मेव्हण्याची माफी मी केव्हाच मागितली आहे.

पाणी ज्यांचं होतं त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू. ते आता नाहीत. तंजावरच्या कलेक्टर कचेरीच्या दप्तरखान्यात राजांच्या वेळचे मोडी कागद त्यांच्या ताब्यात असत, आणि मेलवीदीत, म्हणजे पश्चिमेच्या रस्त्यावर, ते आमच्यापासून चौथ्या घरात राहत. समोर येईल ती वस्तू बोटाच्या पेराने ठोकायची, कान तिरका करून आवाज ऐकायचा आणि "सरी" म्हणायचं, ही त्यांची सवय. सरी म्हणजे ठीक. हा तमिळ शब्द आमच्या तोंडी इतका रुळला आहे की आता तो आमचाच. ते नारळ ठोकत, फणस ठोकत, कागदांचं गाठोडं ठोकत. मी कचेरीत रुजू झालो त्या दिवशी माझी पाठही त्यांनी ठोकून पाहिली होती.

"पोकळ आहे," ते बाकीच्यांना म्हणाले. "भरेल हळूहळू."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती आपल्यावर हसतात आणि आपल्याला राग येत नाही. मला ते तंबी म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. वयाने मी त्यांच्या मुलासारखा होतो, पण मुलगा म्हटलं की रागवावं लागतं, भाऊ म्हटलं की थट्टा करता येते, असा त्यांचा हिशेब.

आता पाण्याचं. अण्णा नदीशिवाय दुसरं पाणी पीत नसत. तंजावरात नदी म्हणजे वेण्णार. ती कावेरीचाच फाटा, म्हणून आम्ही तिला कावेरीच म्हणतो. अण्णांची आई सत्तराव्या वर्षापर्यंत रोज पहाटे एक पितळी घागर घेऊन नदीवर जाई. ती गेल्यावर अण्णांनी तीच घागर खांद्यावर घेतली. घागरीच्या गळ्यावर आईचं नाव ठिपक्यांनी कोरलेलं होतं. रोज भरून आणली की तिलाही ते पेराने ठोकत.

"रिकामी घागर बडबडते, भरलेली गप्प असते," ते म्हणत. "आमची आई भरलेली होती."

कचेरीला नाताळची रजा लागणार होती. एका कंपनीने सहलीची जाहिरात दिली होती. नागपट्टणहून आगबोट निघणार, सिलोनच्या किनाऱ्याकिनाऱ्याने कोलंबोला जाणार, तिथे मोटारीने गाव दाखवणार, सहाव्या दिवशी परत. मला फार जावंसं वाटलं. घरून हुकूम आला, "अण्णा बरोबर येत असतील तर जा, नाहीतर नको." तेव्हा मी अण्णांच्या मागे लागलो.

"तीस वर्षांत तुम्ही रजा घेतली नाहीत, अण्णा."

"रजा घेऊन कोठे जायचं? माझी नदी इथे आहे."

"नदी बरोबर नेऊ. चार घागरी भरून घेऊ. त्यांची जबाबदारी माझी."

त्यांनी माझा खांदा ठोकला, कान तिरका केला, बराच वेळ ऐकल्यासारखं केलं. "सरी," म्हणाले. "जबाबदारी तुझी."

हे शब्द मी पुढे पुष्कळदा ऐकले. ते म्हणाले एकदाच, पण मी ऐकले पुष्कळदा.

नागपट्टणला आगबोट किनाऱ्याला लागत नाही. ती खोल पाण्यात दूर उभी राहते, आणि काथ्याने फळ्या शिवलेल्या होड्यांतून लाटा फोडत तिच्याकडे जावं लागतं. त्या दिवशी आभाळ राखेच्या रंगाचं होतं आणि लाटा उंच होत्या. अण्णा पहिल्या होडीत बसले, आईची घागर मांडीवर घेऊन, तोंडाला फडकं बांधून. बाकीच्या तीन घागरी आणि सामान घेऊन मी दुसऱ्या होडीने निघणार होतो. होडीवाल्याने माझं सामान पाहून हात वर केले.

"वजन फार होतं, सामी. एक तर ती पेटी, नाहीतर घागरी."

ती पेटी म्हणजे ग्रामोफोन. आगबोटीच्या डेकवर तो लावून आपण बसलो आहोत आणि भोवती लोक जमले आहेत, असं चित्र मी महिनाभर मनात रंगवत होतो. मी घागरींकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. सहाच तर दिवस, मी मनाशी म्हटलं. एक घागर वर गेलीच आहे. अण्णांना संध्याकाळी सांगू. मग तिन्ही घागरी मी किनाऱ्यावरच्या सुपारीच्या दुकानात ठेवल्या आणि पेटी होडीत चढवली.

तिसऱ्या लाटेला पेटीत समुद्र शिरला. तो ग्रामोफोन त्यानंतर कधी गायला नाही. किल्ली दिली की घशात कफ असल्यासारखा घर्र करी आणि थांबे. न्याय इतक्या लवकर होतो हे मला ठाऊक नव्हतं.

वर पोचलो तर अण्णा कठड्याशी उभे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "अस्की घागरी चढल्या ना?" अस्की म्हणजे सगळ्या.

"अस्की चढल्या," मी म्हणालो. "खाली तळात ठेवल्या आहेत. शिडी फार उभी आहे, तुम्ही उतरू नका. लागेल तसं मी आणून देईन."

संध्याकाळी सांगायचं होतं ते असं दुपारीच बुडालं.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. कप्तानाने आगबोट त्रिंकोमालीच्या खाडीत नेऊन नांगर टाकला आणि वादळ सरेपर्यंत हलणार नाही असं कळवलं. कोलंबो राहिलं पुढे. डेकवर एकच गोंधळ उडाला. आमच्याबरोबर कुंभकोणमचे एक धान्याचे व्यापारी चेट्टियार होते आणि तंजावरचेच एक वकील होते. चेट्टियार पोट धरून पडून राहिले. वकील उभे राहिले, कारण त्यांना उभं राहूनच रागावता येई.

"कंपनीवर फिर्याद करीन! कधी सुटणार ही बोट? कोणी सांगेल का?"

अण्णा पोहे भिजवत होते. मान वर न करता म्हणाले, "वकीलसाहेब, वारा पाहुणा आलाय. पाहुण्याला कधी जाणार असं विचारायचं नसतं. विचारलं की तो आणखी दोन दिवस राहतो."

वकिलांनी विचारलं होतं. वारा आणखी पाच दिवस राहिला.

त्या पाच दिवसांत अण्णांनी त्या आगबोटीचं तंजावर करून टाकलं. पुढच्या टोकाला त्यांनी कीळवीदी, म्हणजे पूर्वेचा रस्ता, असं नाव दिलं, मागच्या टोकाला मेलवीदी, आणि कठड्यांना उत्तर-दक्षिण वाटून दिल्या. संध्याकाळी उपरणं झटकून ते म्हणत, "चला, मेलवीदीला जाऊन येऊ, कोण कसं आहे पाहू." मग आम्ही डुलत, एकमेकांना धरत, चारी वीथी फिरत असू. चेट्टियारांचा बिछाना धुरांड्यापाशी होता, ते कुंभकोणम ठरलं. तिथे पोचलं की अण्णा थांबत.

"कुंभकोणमला आलोच आहोत तर चेट्टियारांकडे बसून जाऊ. काय चेट्टियार, पीक कसं आहे?"

"पीक कसलं, रायरे? सकाळपासून चार वेळा ओकलो."

"म्हणजे पाऊस बरा आहे," अण्णा म्हणत. आणि तो माणूस हसे. पोट धरून पडलेला माणूस पोट धरून हसायला लागला की अर्धा बरा होतो, हे मी तिथे पाहिलं.

वकिलांचं औषध निराळं होतं. त्यांना तक्रार लिहायची होती, पण हात कापत होता. अण्णा म्हणाले, "तुम्ही सांगा, मी लिहितो." वकील दोन दिवस सांगत होते आणि अण्णा दोन दिवस लिहीत होते. अकरा बंद झाले; बंद म्हणजे कागदाचा ताव. वकिलांचा राग त्यात पुरता रिकामा झाला, आणि त्यांनी स्वतः नेऊन तो अर्ज कप्तानाच्या हाती दिला. अण्णांनी तो सगळा मोडीत लिहिला होता. त्या आगबोटीवर मोडी वाचणारा एकच माणूस होता, आणि तो अर्ज लिहून दमून झोपला होता. कप्तानाने कागद उलटसुलट पाहिले, टोपी काढली आणि फार आदराने खणात ठेवून दिले.

मला हसू येत होतं आणि हसता येत नव्हतं. कारण घागर चौथ्या दिवशी सरली होती.

"तंबी," अण्णांनी ती ठोकून दाखवली, "बडबडायला लागली. खालून भरून आण."

मी घागर घेऊन शिडी उतरलो. खरं सांगायची ती शेवटची सोपी वेळ होती. यंत्राच्या खोलीबाहेर लोखंडी टाकीला नळ होता. खलाशी तिथे पाणी पीत. मी शिडीच्या तळाशी घागर धरून उभा राहिलो. वर जाऊन सांगितलं तर काय होईल हे मला स्वच्छ दिसत होतं. अण्णा रागावणार नाहीत, फक्त पाणी प्यायचे बंद होतील. वादळ किती दिवस चालेल कोणाला माहीत? साठीचा माणूस. माझी भीती खरी होती, हे मी आजही म्हणतो. पण त्या भीतीच्या आड माझी लाज लपून बसली होती, हेही म्हटलं पाहिजे. मी नळ सोडला.

घागर भरली तसा तिचा आवाज बसत गेला.

अण्णांनी ते पाणी आधी देवाला दाखवलं, मग प्याले. प्याल्यावर क्षणभर थांबले.

"तंबी, लोखंडासारखा वास येतो का रे?"

"समुद्राची हवा, अण्णा. सगळ्यालाच येतो."

त्यांनी घागरीत वाकून पाहिलं. "कल्हई गेली वाटतं," ते हळूच म्हणाले, घागरीला ऐकू जाऊ नये अशा बेताने.

त्या दिवसापासून ते दिवसाला तीनच फुलपात्रं पाणी पिऊ लागले. साठा पुरला पाहिजे ना! आणि त्या तिनांतलं अर्धं फुलपात्र वकिलांना देऊ लागले, कारण वकिलांना आगबोटीचं पाणी बाधतं अशी वकिलांची तक्रार होती. वकील डोळे मिटून पीत आणि म्हणत, "काय गोडवा आहे! शेवटी कावेरी ती कावेरी." मी कठड्याकडे तोंड फिरवून उभा राही. लोकांना वाटे, मलाही समुद्र लागला आहे.

आठव्या दिवशी मी घागर पुन्हा भरली, आणि दहाव्या दिवशी आणखी एकदा. एकदा खोटं बोलणं कठीण जातं. दुसऱ्यांदा शिडीच्या पायऱ्या पाठ झालेल्या असतात.

दहाव्या दिवशी आगबोट, कोलंबो न पाहताच, नागपट्टणसमोर आली, आणि तिथे आणखी एक दिवस थांबली, कारण लाटांमुळे होड्या निघेनात. समोर बंदरातला दीपस्तंभ दिसत होता, माडांच्या शेंड्या दिसत होत्या, मला तर ते सुपारीचं दुकानही दिसल्यासारखं वाटत होतं. सगळे किनाऱ्याकडे पाहून हळहळत होते. अण्णा पोह्यांची पुरचुंडी झटकत म्हणाले, "पाहुणा दारात चपला घालतोय. आता घाई करू नका, नाहीतर परत आत येऊन बसेल."

अकराव्या दिवशी होड्या आल्या. पहिल्या होडीत मी उडी मारून बसलो. उतरलो तो धावत दुकानात गेलो. तिन्ही घागरी तशाच होत्या, तोंडाला बांधलेली फडकी तशीच, आत काठोकाठ पाणी. दुकानदार म्हणाला, "एक थेंब सांडला नाही, सामी, पाहून घ्या." मी पाहिलं. आणि अण्णांची होडी यायच्या आत त्या तिन्ही घागरी दुकानामागच्या वाळूत ओतल्या. वाळूने पाणी क्षणात पिऊन टाकलं. माझ्या हातून झालेल्या सगळ्यात मला तेच जास्त बोचतं. खोटं बोललो ते वादळात, पण हे स्वच्छ उन्हात केलं.

अण्णा आले, तिन्ही रिकाम्या घागरी ठोकल्या, "सरी" म्हणाले.

गावात मात्र हे एवढ्यावर भागलं नाही. अण्णा समुद्रावर जाऊन आले, याचं प्रायश्चित्त काय, असा प्रश्न आमच्या गल्लीतल्या वृद्ध शास्त्रीबोवांनी काढला. अण्णा त्यांच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, "अकरा दिवस कावेरीशिवाय थेंब प्यालो नाही. याला विचारा."

शास्त्रीबोवांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं का रे?"

"खरं," मी म्हणालो.

"मग कावेरीत तीन बुड्या मार आणि घरी जा," शास्त्रीबोवा अण्णांना म्हणाले. अण्णांनी माझ्या पाठीवर टिचकी मारली, कान तिरका केला. "भरत चाललाय," ते म्हणाले.

पुढे तीन वर्षं ही गोष्ट मेलवीदीत फिरत राहिली. लग्नाच्या पंगतीत, कचेरीत, देवळाच्या ओवरीत, जिथे अण्णा सांगत तिथे शेवटी "याला विचारा" हे यायचंच. मी त्यांच्या पंगती टाळू लागलो. त्यांना वाटलं, बढती झाली म्हणून तंबी मोठा झाला.

तिसऱ्या उन्हाळ्यात नदी आटली. उन्हाळ्यात वेण्णारचं नुसतं वाळवंट होतं. मग हाताने खड्डा उकरायचा, झिरपून येणारं पाणी नितळू द्यायचं आणि वाटीने घागर भरायची. एका सकाळी मी पुलावरून जात असताना अण्णा खाली वाळूत वाकलेले दिसले. एकटेच होते. जवळची घागर नवी होती, तांब्याची.

मी खाली उतरलो. "अण्णा, आईंची घागर?"

घरातल्या कोणाचं तरी कमीपण सांगावं तसं खाली पाहत ते म्हणाले, "गोठ्यात आहे. गायीला पाणी ठेवतो तिच्यात. त्या आगबोटीवर तिने पाणी नासवलं रे. आल्यावर दोनदा कल्हई करून घेतली, पण मनातून उतरली ती उतरली. जुनी झाली. काय करणार? तिचा काय दोष!"

मी वाळूत बसलो. तीन वर्षं मला वाटत होतं की मी अण्णांचं व्रत मोडलं. ती रोज नदीवर येणारी घागर माझ्यामुळे गोठ्यात गेली आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

मग मी सगळं सांगितलं. ग्रामोफोन, सुपारीचं दुकान, शिडी, नळ, वाळू, शास्त्रीबोवांचा ओटा. अण्णा वाटीने पाणी भरत होते. सांगून झालं तेव्हा वाटी थांबलेली होती.

"कोणत्या नळाचं?"

"यंत्राच्या खोलीबाहेरच्या. लोखंडी टाकीचं."

"म्हणजे वास लोखंडाचाच होता."

"हो."

"माझी जीभ बरोबर होती."

"हो, अण्णा."

"आणि कल्हई गेली नव्हती."

अण्णा उठून उभे राहिले. त्यांना रागावलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून तो राग ओळखायला मला वेळ लागला.

"पाणी पाजलंस ते पाजलंस. मी मेलो असतो तर वकिलांनी तुला आणखी अकरा बंद लिहायला लावले असते," ते म्हणाले. "पण तू मला माझ्या आईच्या घागरीवर संशय घ्यायला लावलास. तीन वर्षं ती गोठ्यात आहे, तंबी. तीन वर्षं."

"अण्णा, मला क्षमा…"

"माझ्याकडे नको. कावेरीकडेही नको, ती सोडून देईल; तिच्यात सगळं गाव हात धुतं. आई सोडणार नाही. तिच्याकडे माग."

त्या दिवशी मी कचेरीत गेलो नाही. अण्णांच्या गोठ्यात बसून चिंचेने आणि राखेने घागर घासली. शेजारच्या बायका दारात येऊन पाहत होत्या आणि बढती झालेला कारकून गाईची घागर का घासतो याचे तर्क करत होत्या. दुपारी ठिपके दिसू लागले. संध्याकाळपर्यंत ते नाव वाचता आलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी एकटा नदीवर गेलो. खड्डा उकरला. पाणी नितळायला फार वेळ लागतो. वाट पाहणं म्हणजे काय, हे अण्णांनी आगबोटीवर शिकवलं होतं, म्हणून घाई केली नाही. वाटी वाटी करून घागर भरली आणि खांद्यावर घेऊन दोन मैल चालत आलो. साठीचा माणूस हे रोज कसं करतो, ते माझ्या खांद्याने पहिल्यांदाच मला विचारलं.

अण्णा ओट्यावर बसले होते. मी घागर त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी बोटाच्या पेराने ती ठोकली आणि कान तिरका केला. घागर गप्प होती.

"ऐकते आहे," अण्णा म्हणाले. "सांग."

मी पागोटं काढून ओट्याखाली उभा राहिलो, घागरीला हात जोडले आणि म्हणालो, "आई, मी तुमच्या घागरीत नळाचं पाणी भरलं आणि कावेरीचं म्हणून सांगितलं. वाईट होतं ते माझं पाणी. तुमची घागर चांगली होती. मला क्षमा करा."